काही न शिकता आजीवन विद्यार्थी कसे राहावे

‘मी आजही स्वतःला विद्यार्थीच समजतो,’ हे वाक्य भाषणाच्या सुरुवातीला, आवाज जरा खाली आणून म्हणता येणे ही प्राध्यापकीची किमान पात्रता आहे. नेट-सेट त्यानंतर. या वाक्याला टाळी पडते, अध्यक्ष मान डोलावतात, आणि मागच्या सतरंजीवर सक्तीने आणून बसवलेली नववी ब आपल्याकडे पहिल्यांदाच सहानुभूतीने बघते. अडचण पुढे येते. समोरचा एखादा भाबडा माणूस हे वाक्य खरे धरतो आणि कार्यक्रम संपल्यावर आपल्याला काहीतरी शिकवायला येतो. त्या क्षणी काय करावे, याचे प्रशिक्षण कोणत्याही उजळणी वर्गात मिळत नाही. ती उणीव भरून काढण्याचा हा नम्र प्रयत्न.

प्रस्तुत लेखक तालुक्याच्या गावी ‘प्राध्यापक कॉलनी’त राहतो. महाराष्ट्रात बऱ्याच तालुक्यांना अशी एक कॉलनी असते. बंगल्यांची नावे ‘ज्ञानदीप’, ‘अक्षर’, ‘श्रमसाफल्य’. फाटकावरच्या पाटीवर नावाच्या आधी ‘प्रा. डॉ.’ आणि नावाच्या नंतर कंसात विषय. गटार तुंबले की हे सगळे विषय एकत्र जमतात, आणि गटार तसेच राहते. तेव्हा लेखकाचा अधिकार कोणी विचारू नये.

सर्वप्रथम साहित्य जमवावे. आजीवन शिक्षणाचे मुख्य साहित्य म्हणजे प्रमाणपत्र. शिकणे आयुष्यात कधीही उरकता येते, प्रमाणपत्राला मात्र शेवटची तारीख असते. प्राध्यापक शिळे होऊ नयेत म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने 1987 मध्ये ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजांची योजना आणली. पुढे त्यांची मनुष्यबळ विकास केंद्रे झाली, आणि 2023 च्या शिक्षकदिनापासून मालवीय मिशन. नावे तीन झाली, पण जेवणानंतरच्या सत्रात लागणारी झोप एकच राहिली. 2010 च्या नियमावलीने एपीआय ही गुणमोजणी आणली आणि तेव्हापासून प्राध्यापकाचे ज्ञान किराणा दुकानातल्या साखरेसारखे तोलून मिळू लागले. ओरिएंटेशन एकदा करावे, रिफ्रेशर पदोन्नतीपुरते करावे, आणि दोन्हींच्या फाइली घरातल्या दागिन्यांच्या कपाटात ठेवाव्यात. चोर आला तर निदान दागिनेच नेईल.

वर्ग ऑनलाइन असेल तर काम सोपे. कॅमेरा बंद ठेवून, ‘नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे सर’ हे एकदाच आणि पहिल्याच दिवशी सांगून टाकावे. चॅटमध्ये ‘एक्सलंट सेशन सर, व्हेरी इन्फॉर्मेटिव्ह’ असे लिहावे. मात्र वक्त्यांनी बोलायला सुरुवात केल्यानंतर. काही उत्साही मंडळी परिचय चालू असतानाच ते लिहून मोकळी होतात आणि संपूर्ण व्यवसायाला संशयाच्या छायेत आणतात. टाळेबंदीच्या काळात तर गुगल फॉर्मवरच्या प्रश्नमंजूषांनी ज्ञानाचा महापूर आणला होता. चाळीस टक्के मिळाले की प्रमाणपत्र ई-मेलवर. नापास झालात तर तोच फॉर्म परत भरा, उत्तरे आता ठाऊक आहेतच. आमच्या कॉलनीतल्या रसायनशास्त्राच्या सरांकडे हळद लागवड, राजर्षी शाहू आणि योग या तिन्हींतील प्रावीण्य आहे. हळद त्यांना चालत नाही, पित्त होते.

दुसरे साहित्य म्हणजे सनावळी. समाजात वावरणाऱ्या प्राध्यापकाला भाषणे टाळता येत नाहीत, आणि भाषणाला चार साले पुरतात. 1828, रत्नागिरीचे नगर वाचनालय. 1875, न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला. 1909, काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला ते वर्ष. 1916, महर्षी कर्व्यांचे महिला विद्यापीठ. विषय ‘वाचनसंस्कृती’ असो, ‘मोबाइल आणि आजची पिढी’ असो की पतसंस्थेचा वर्धापनदिन असो, ही साले कुठेही बसतात. रानड्यांच्या काळी लोक व्याख्यानाला येत ते वक्त्याशी वाद घालायला, ही माहिती मात्र वगळावी. श्रोत्यांना सवय लागते.

वाचनसंस्कृतीवरचे भाषण शक्यतो परगावी करावे. गावातल्या नगर वाचनालयात ते करण्याची वेळ आलीच, तर ग्रंथपाल कुठे बसले आहेत ते आधी पाहावे. आपण शेवटचे पुस्तक कधी बदलले हे त्यांच्या रजिस्टरात असते, आणि भाषण चालू असताना ते रजिस्टर त्यांच्या मांडीवर उघडे असते. बिचारे काही बोलत नाहीत. त्यांना वाचनालयाची ‘ब’ वर्गातून ‘अ’ वर्गात बढती हवी असते आणि आपली शिफारस लागणार असते. तरीही खबरदारी म्हणून दिवाळी अंकांच्या योजनेत पैसे भरून ठेवावेत. होळीपर्यंत अंक नेणाऱ्या-आणणाऱ्या चिरंजीवांमुळे खाते हलते दिसते.

महर्षी कर्व्यांच्या बाबतीत थोडे तपशिलात सांगणे भाग आहे, कारण ते उदाहरण ज्वालाग्राही आहे. कर्वे 1891 पासून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत, 1914 मध्ये निवृत्त झाले. आपल्यापैकी कोणीही असता तर बागेत गुलाब लावले असते आणि पेन्शनच्या थकबाकीसाठी न्यायालयात गेला असता. त्यांनी दोन वर्षांत विद्यापीठ काढले. सत्तरी उलटल्यावर ते जगाच्या प्रवासाला निघाले. 1936 मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी मंडळ स्थापन केले. एकूण 104 वर्षे जगले, म्हणजे आपल्याला सबब सांगायलाही जागा ठेवली नाही. हे उदाहरण भाषणात अवश्य घ्यावे. घरात काढू नये. जेवताना सहज बोलून गेलात तर पलीकडून ‘मग तुमचं साठीनंतर काय ठरलंय?’ असा प्रश्न येतो, आणि ‘ललित लेखन’ हे उत्तर कोणत्याही घरात समाधानकारक मानले जात नाही.

समाजजीवनाचा किरकोळ भाग भराभर सांगतो. गणेशोत्सवात रांगोळी स्पर्धेचे परीक्षण येईल. विषय भौतिकशास्त्र असला तरी स्वीकारावे, पण मंडळाच्या अध्यक्षांची मुलगी कोणती ते आधी माहीत करून घ्यावे. लग्नपत्रिकेचे शुद्धलेखन तपासायला येईल; ‘आशीर्वाद’मधला ‘शी’ दीर्घ करून परत द्यावी, छापताना तो पुन्हा ऱ्हस्व होतो. मानपत्रे, श्रद्धांजल्या, नगरपालिकेला द्यायचे तक्रारअर्ज यांचे नमुने तयार ठेवावेत. श्रद्धांजली आणि मानपत्र यांत फक्त काळ बदलायचा असतो.

खरा धोका राष्ट्रीय सेवा योजनेपासून सुरू होतो. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 मध्ये, ही योजना आली. विद्यार्थ्याने वर्षाला 120 तास समाजसेवा करायची, आणि सात दिवस दत्तक गावी जाऊन श्रमसंस्कार शिबिर. कार्यक्रम अधिकारी म्हणून आपली नेमणूक होते ती तब्येत पाहून. शिबिरात वनराई बंधारा घालणे ही सर्वांत सोयीची सेवा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मोफत मिळतात, ओढ्यातली माती मोफत मिळते, श्रम मुलांचे असतात आणि फोटो आपला असतो. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकला जिओटॅग फोटो लागतो, म्हणजे ज्यावर अक्षांश-रेखांश उमटलेले असतात तो. गावाचे भले कुठे झाले याचा पुरावा मिनिट-सेकंदांपर्यंत अचूक राहतो.

बंधाऱ्याची जागा निवडताना मात्र सावध राहावे. भूगोलाच्या सरांनी उजेड चांगला आणि मागे डोंगर दिसेल अशी जागा धरली, मुलांनी गोण्या भरायला घेतल्या, की बांधावर उकिडवा बसलेला एक म्हातारा बिडी विझवून म्हणतो, ‘सर, हितं पानी थांबायचं न्हाई. खाली वाळू हाय.’ येथे पहिली चूक होते: प्राध्यापक ‘का?’ असे विचारतो. मग ऐकावे लागते. वाळूतून पाणी गोण्यांच्या खालून निघून जाते. वर ओढा अडवलेला दिसतो आणि खालच्या बाजूला तो वाहतच असतो. जागा हवी ती पात्र अरुंद झालेली आणि तळ कातळाचा किंवा घट्ट मुरमाचा असलेली. गोण्या विटांच्या बांधकामासारख्या सांधेमोड करून रचायच्या, दोन थरांमध्ये आणि पाण्याकडच्या अंगाला चिकणमाती चोपायची. पाऊस संपला पण ओढ्याला धार आहे तोवरच हे करायचे. जानेवारीत केले तर अडवायला पाणीच नसते. आणि शिबिर विद्यापीठाच्या परिपत्रकानुसार बहुधा हिवाळी सुट्टीत येते, म्हणजे परिपत्रकालाही या म्हाताऱ्याने शिकवणी लावायला हवी.

अशा वेळी ‘आजोबा, तुमचा अनुभव मोलाचा आहे’ असे म्हणून त्यांना समारोपाला नारळ देण्याचे आश्वासन द्यावे आणि फोटोच्या जागीच काम सुरू ठेवावे, असे शास्त्र सांगते. पण मुले ऐकत नाहीत. ती गोण्या उचलून म्हाताऱ्याच्या मागे वरच्या अंगाला जातात. तिथे उजेड वाईट असतो.

कॉलनीची वार्षिक सर्वसाधारण सभा हेही असेच जोखमीचे ठिकाण. सहकारी संस्था असल्याने ती 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. ठरल्या वेळी गणसंख्या नसते, सभा अर्ध्या तासासाठी तहकूब होते आणि त्याच जागी, त्याच माणसांसह पुन्हा भरते. लोकशाहीच्या या चमत्कारावर राज्यशास्त्राच्या सरांनी संशोधन करावे अशी सूचना दर वर्षी येते. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम होईपर्यंत सगळे ठीक चालते. मग गटाराचा विषय निघतो. तत्त्वज्ञानाचे सर सामूहिक उत्तरदायित्वावर बोलतात. अर्थशास्त्राचे सर सार्वजनिक वस्तू आणि फुकट्या लाभार्थ्याचा सिद्धान्त मांडतात, आणि त्यांची स्वतःची देखभाल वर्गणी दोन वर्षांची थकलेली असते. मराठीच्या बाई इतिवृत्तातल्या ‘ठराव सर्वानुमते पास’ याला हरकत घेऊन ‘संमत’ करून घेतात. शेवटी सहकारी बँकेतून निवृत्त झालेले एक काका उठतात. कॉलनीत तेवढ्याच घराच्या पाटीवर विषय नाही. ते उपविधींची पुस्तिका उघडतात, कोणता खर्च समितीच्या अधिकारात येतो आणि कोणत्याला सभेची मंजुरी लागते ते सांगतात, गटाराचा उतार कुठे उलटा पडला आहे ते पाटीवर काढून दाखवतात, आणि खाली बसतात. यावर एकच उपाय: आभारप्रदर्शन आपल्याकडे घ्यावे आणि त्यात काकांचा उल्लेख ‘आमचे व्यवहारी मार्गदर्शक’ असा करावा. ‘व्यवहारी’ म्हटले की विद्वत्तेची शिवण उसवत नाही.

जोखमीचे आणखी एक ठिकाण: ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे गाव आहे. तिथे 2016 च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन, पाटीवर बाराखडी काढायला येऊ लागल्या. तिथे ‘विस्तार उपक्रम’ म्हणून सहल नेण्याचा मोह होतो. नेऊ नये. ज्या बाईने आयुष्यभर अंगठा उठवला तिने सत्तरीत सही केलेली पाहिल्यावर, आपल्या पाठीमागे उभे असलेले एम.ए.चे विद्यार्थी आपल्याकडे बघू लागतात. आपल्या हजेरीपटावरच्या त्यांच्या सह्या कोण करतो, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते.

आता सर्वांत घातक जागा. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये स्थापन झाले आणि त्याची अभ्यासकेंद्रे आपल्याच महाविद्यालयांत चालतात. संपर्क सत्रे बहुधा रविवारी. मानधन थोडे असते, उशिरा येते. तरी वरिष्ठांनी सांगितले म्हणून जावे लागते. नेहमीच्या वर्गात पोरे बाकावर मागे सरकून बसतात. इथे पुढे सरकून बसतात. तिथूनच काहीतरी बिनसले आहे हे ओळखावे. एसटीचे वाहक, होमगार्ड, मुलांची लग्ने उरकून बी.ए.ला बसलेल्या बाया, कधी सासू आणि सून एकाच बाकावर. यांना ‘परीक्षेला काय महत्त्वाचे?’ हा प्रश्न पडत नाही, आणि ज्याला तो प्रश्न पडत नाही त्याच्यापुढे आपले निम्मे शस्त्रागार निकामी होते.

समजा, विषय अर्थशास्त्र आहे आणि धडा ग्रामीण पतपुरवठ्याचा आहे. आपण फळ्यावर ‘सावकारी’ लिहिलेत, त्याखाली ‘शोषण’ लिहिलेत, बँकांचे व्याजदर लिहिलेत. दुसऱ्या बाकावरच्या अंगणवाडी सेविका हात वर करतात.

‘सर, आमच्या बचत गटात शेकडा दोन आहे.’

‘दोन टक्के? मग ते तर बँकेपेक्षा...’

‘महिन्याला, सर.’

वर्षाला चोवीस. आपण ‘शोषण’ या शब्दाखाली रेघ ओढता. बाई थांबतात. वर्ग थांबतो.

‘पण सर, ते व्याज जातं कुठं? आमच्याच गटात राहतं. वर्षाच्या शेवटी आमच्याच वाट्याला येतं.’

इथवर ठीक आहे. ‘छान निरीक्षण’ म्हणून पुढे जाता येते. बाई मात्र पुढे जाऊ देत नाहीत. पोराच्या फीसाठी दोन हजार घेतले, तीन महिन्यांत फेडले, तर व्याज फार तर एकशे वीस रुपये. त्याच दोन हजारांसाठी तालुक्याच्या बँकेत जायचे म्हणजे एसटीचे भाडे, झेरॉक्स, ‘साहेब रजेवर आहेत, सोमवारी या’, पुन्हा भाडे, आणि दोन दिवसांची मजुरी बुडाली ती वेगळीच. ‘तुमच्या टक्क्यात माझी मजुरी कुठं धरली, सर?’

ती धरलेली असते, पण धड्याच्या शेवटी, ‘व्यवहार खर्च’ या मथळ्याखाली, ज्याची व्याख्या आपण वर्षानुवर्षे दोन गुणांसाठी लिहायला लावत आलो आहोत. अशा वेळी म्हणायचे वाक्य पाठ करून ठेवावे: ‘अगदी बरोबर, हाच मुद्दा मी पुढच्या सत्रात घेणार होतो.’ चेहरा प्रसन्न ठेवावा. फळ्याकडे वळून ‘शोषण’ पुसावे, पण घाईने पुसू नये.

यानंतर खरे तर तास संपवून चहाला जावे. पण एव्हाना प्राध्यापकाच्या तोंडून दुसरा ‘का?’ निसटलेला असतो. दोनच का? एक का नाही? कारण एक केला तेव्हा सगळ्याजणी लग्नाकार्याला रक्कम उचलू लागल्या आणि आजारपणाला पेटीत काही उरले नाही. तीन केला तेव्हा कोणी उचलेना आणि पैसा पडून राहिला. मग बैठकीत बसून दोन ठरवला. मागणी, पुरवठा आणि समतोल यांची आकृती आपण काढतो त्यात दोन रेघा एकमेकींना कुठे छेदतात हे पोरांना कधी पटलेले नसते; इथे ती जागा भांडून, रडून आणि चहा पिऊन काढलेली असते. हप्ता थकला तर? नोटीस नाही. दर आठवड्याची बैठक असते, तिला यावे लागते, आणि सगळ्यांसमोर बसावे लागते. एकीचा नवरा दारूत पैसे उडवत होता. तिचा हप्ता गटाने दोन महिने थांबवला, आणि ते वहीत असे लिहिले की पुढे तपासणीला कोणी आले तर त्याला कळू नये आणि गटातल्या प्रत्येकीला कळावे. इतिवृत्तलेखनाची ही पातळी आमच्या कॉलनीने अजून गाठलेली नाही, मराठीच्या बाई असूनही.

येथपर्यंत पोहोचलेला प्राध्यापक शास्त्रानुसार शिकला असे समजावे. घाबरू नये. आपल्या व्यवसायात यावर उतारा उपलब्ध आहे: लगेच शोधनिबंध लिहावा. शीर्षक ‘ग्रामीण महिला बचत गटांतील व्याजदर-निश्चिती: एक चिकित्सक अभ्यास’. बाईंनी पाच मिनिटांत सांगितलेले पंधरा पानांत पसरावे, मध्ये दोन तक्ते घालावेत, निष्कर्षात ‘शासनाने याकडे लक्ष द्यावे’ असे म्हणावे. बाईंचे नाव तळटीपेत ‘एक उत्तरदात्री’ असे येईल. दोन दिवसांच्या राष्ट्रीय चर्चासत्रात तो वाचला, की जे कळले होते ते पुरेसे निवते आणि प्रमाणपत्रही मिळते.

एकच अडचण उरते. तक्त्यांसाठी आकडे लागतात, आणि आकडे बाईंच्या वहीत आहेत. तेव्हा पुढच्या रविवारी येताना गटाची वही आणायला त्यांना सांगावे आणि आपण अर्धा तास लवकर जावे. एवढ्या लवकर कशाला, असे शिपायाने विचारलेच, तर नॅकचे काम आहे म्हणावे.